न्यायमूर्तींची निवड कोणी करावी?

भारतीय संविधानाने आपणांस हक्क दिले. परंतु त्या हक्कांचा अर्थ काय, हे अखेरीस न्यायमूर्ती ठरवितात. म्हणून न्यायमूर्तींना न्यायासनावर कोण बसवितो, हा केवळ वकीलवर्गाचा प्रश्न नव्हे. आखातात घाम गाळून गावाकडील मुलांच्या शिक्षणासाठी पैसा पाठविणाऱ्या आपल्या कुटुंबांचाही तो प्रश्न आहे.

आपण राहतो त्या उम्म अल कुवैनची न्यायालये संघराज्याच्या न्यायव्यवस्थेत मोडतात. अबुधाबी, दुबई व रास अल खैमा यांची व्यवस्था स्वतंत्र आहे. संघराज्यीय न्यायाधीशांचा कारभार पाहण्यासाठी येथे न्याय परिषद आहे. भारतात मात्र अशी सर्वसमावेशक परिषद आजही नाही.

संविधान सभेत २४ मे १९४९ रोजी या विषयावर चर्चा झाली. न्यायव्यवस्था शासनापासून स्वतंत्रही असावी आणि स्वतः सक्षमही असावी, हे बाबासाहेबांनी तेव्हा स्पष्ट केले. सर्व अधिकार सरकारच्या हाती देणे त्यांना धोक्याचे वाटले. परंतु सरन्यायाधीशांच्या संमतीवाचून नेमणूकच होऊ नये, ही सूचनाही त्यांनी नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच. माणसाचे दोष व पूर्वग्रह त्यांच्या ठायीही असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पुढील इतिहासाने दोन्ही धोके खरे करून दाखविले. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने सरन्यायाधीश नेमला. १९७७ साली न्या. एच. आर. खन्ना यांना डावलले गेले. हा सरकारी वरचष्म्याचा अनुभव. १९९३ च्या निकालाने निवडीची सूत्रे न्यायमूर्तींच्याच हाती गेली आणि १९९८ पासून सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायमूर्ती यांचे ‘कॉलेजियम’ स्थिरावले. सरकारचा धाक कमी झाला. पण दार आतून बंद झाले.

न्या. ए. वरदराजन हे १९८० साली सर्वोच्च न्यायालयातील पहिले दलित न्यायमूर्ती झाले. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन २०१० साली निवृत्त झाले आणि त्यानंतर सुमारे नऊ वर्षे त्या न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायमूर्ती नव्हता. याच काळात, २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, महाराष्ट्रातील एका खटल्यात अत्याचार-प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निकाल लागला. संसदेला त्याच वर्षी दुरुस्ती करावी लागली आणि २०१९ साली न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. न्याय जातीवर ठरतो, असे माझे म्हणणे नाही. परंतु रुग्णाची हकीकत न ऐकता केलेले निदान चुकण्याचा संभव अधिक, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

अमरावतीचे न्या. भूषण गवई २४ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात आले आणि २०२५ साली सरन्यायाधीश झाले. २०२४ साली न्या. प्रसन्न वराळे आले. हे कॉलेजियमच्याच हातून घडले, हे मान्य केले पाहिजे. तथापि पाच व्यक्तींच्या सद्भावनेवर अवलंबून असलेली गोष्ट हक्क ठरत नाही. २०१८ ते मार्च २०२५ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायमूर्तींपैकी अनुसूचित जातींचे अवघे २२ होते, असे सरकारनेच संसदेत सांगितले.

राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग हा यावरील एक उपाय होता. त्यात तीन न्यायमूर्ती, कायदामंत्री व दोन मान्यवर असणार होते. त्या दोहोंपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांमधून. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. त्या आयोगात दोष होते. कोणतेही दोन सदस्य नेमणूक रोखू शकत होते, आणि मान्यवर म्हणजे कोण याची व्याख्याच नव्हती. परंतु औषधाची मात्रा चुकली म्हणून उपचारच सोडून देणे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या वैद्यक व्यवसायातही हेच घडले. डॉक्टरांनीच डॉक्टरांवर देखरेख ठेवणारी भारतीय वैद्यक परिषद भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर २०१० साली बरखास्त झाली. २०२० साली तिच्या जागी आलेल्या आयोगात सरकारनियुक्तांचा भरणा झाला. व्यवसायबंधूंनी एकमेकांना सांभाळून घ्यावे, हा एक रोग. सरकारने सर्वांना मुठीत ठेवावे, हा दुसरा.

म्हणून नव्या न्यायिक परिषदेत न्यायमूर्तींचे बहुमत असावे, सरकारला नकाराधिकार नसावा, वंचित समाजाचे प्रतिनिधित्व कायद्याने निश्चित असावे आणि प्रत्येक निवडीचे निकष व कारणे लेखी जाहीर व्हावीत. बाबासाहेबांनी शोधलेल्या मध्यममार्गाशी हेच सुसंगत ठरेल.

आपले कर्तव्यही उरतेच. आपण मुलांना डॉक्टर व इंजिनिअर करतो; प्रत्येक वस्तीतून एकदोन बुद्धिमान मुलामुलींनी कायद्याकडेही वळावे, यासाठी आपल्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या खर्ची पडाव्यात. उद्या दार उघडले, तर आत जाण्यास पात्र माणसे उंबरठ्यावर उभी हवीत.

जयभीम!