कोठार आणि कोठावळा

२०२४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस संमति दिली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें, आणि त्यांचा लाभ घेणाऱ्या ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. आडगांवच्या सरकारी महाविद्यालयांतील अध्यापकास परदेशी नियतकालिक वाचावयास मिळावें, हें कोणास नको आहे? पण कोठार भरलें म्हणजे पानें वाढलीं, ही जी समजूत या योजनेच्या गौरवामागें दिसते, तिच्याविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहिणें भाग आहे.

तेरा हजार नियतकालिकें वाचणार कोण? प्रश्न नवा नाहीं. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या शास्त्रसल्लागार समितीनें १९६३ च्या जानेवारींत याच विषयावर एक अहवाल काढला. तो तयार करणाऱ्या मंडळाचे प्रमुख आल्व्हिन वाइनबर्ग हे ग्रंथपाल नव्हते, अणुशास्त्रज्ञ होते. त्यांचें म्हणणें असें कीं, विशेष विषयाचें माहितीकेंद्र हें ग्रंथालय नव्हे, ती शास्त्रीय संस्थाच होय. त्या विषयांत मुरलेल्या माणसानें तेथें बसून आलेलें सारें चाळावें, पारखावें, आणि विचारणाऱ्याच्या हातीं गठ्ठा न देतां उत्तर द्यावें. चामडें कमावणाऱ्या कारखानदारास सांडपाण्यांतील क्रोमियम कसें काढावें एवढेंच हवें असतें. चारशें निबंधांची यादी घेऊन तो बिचारा काय करील?

हें आमच्या सरकारास ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९५२ मध्यें युनेस्कोच्या साह्यानें दिल्लीस ‘इन्सडॉक’ निघालें. १९७७ मध्यें ‘निस्साट’ योजना आली, आणि तिच्या आश्रयानें मद्रासेस चामड्याचें, म्हैसुरास अन्नपदार्थांचें, लखनौस औषधांचें, बंगलोरास यंत्र-हत्यारांचें, अहमदाबादेस कापडाचें, आमच्या पुण्यास रसायनांचें, अशीं केंद्रें उभीं राहिलीं. तींहि ग्रंथालयांच्या कोपऱ्यांत नव्हेत, तर त्या त्या विषयाच्या संशोधनसंस्थांच्या अंगणांत. कल्पना सोन्यासारखी होती. पण या शतकाच्या आरंभींच निस्साट गुंडाळली गेली. इन्सडॉक २००२ मध्यें दुसऱ्या संस्थेशीं जोडलें गेलें, आणि त्यांतून झालेली संस्था २०२१ मध्यें तिसरीशीं. आमच्याकडे संस्था मरत नाहींत, त्यांच्या पाट्या बदलतात. आणि पाटी रंगवून वाळेपर्यंत आंतलें काम कोण करीत होतें, हें कोणी विचारीत नाहीं.

यावर हिशेबनीस मंडळी म्हणतात, केंद्र उपयोगाचें असेल तर गिऱ्हाईक पैसे देईल. अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळांतली एक चिमुकली वनस्पति. तिच्या जनुकांची वही राखणारें अमेरिकेंतील केंद्र जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ वापरीत. २०१३ मध्यें त्याचें सरकारी साह्य संपलें आणि केंद्रास वर्गणी लावावी लागली. केंद्र जगलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्यांच्यापाशीं वर्गणी नाहीं त्यांना ताज्या माहितीसाठीं ताटकळावें लागलें. आणि त्या माहितींतील कितीतरी मूळच्या संशोधनाचें मोल लोकांनीं करांतून आधींच चुकविलें होतें!

दुसरा आक्षेप अधिक चकचकीत आहे: आतां यंत्रेंच उत्तर देतात, मग माणसें कशाला पोसावीं? १९७१ मध्यें अमेरिकेंतील ब्रुकहॅव्हन प्रयोगशाळेंत प्रथिनांच्या रचनांचा संग्रह अवघ्या ७ रचनांनीं सुरू झाला. पुढें अर्धशतक तो मुख्यतः सरकारी पैशावर चालला. येणारी रचना तपासून, तिच्या चुका काढून मगच ती दाखल करावयाची, हें कंटाळवाणें काम माणसें करीत राहिलीं. ‘आल्फाफोल्ड’ हें यंत्र शिकलें तें याच वहीवर, सुमारें १,७०,००० रचनांवर; आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा त्याच्या कर्त्यांस मिळाला. यंत्राचें कौतुक आम्हांसहि आहे. पण वही नसती तर यंत्रानें काय वाचलें असतें?

६,००० कोटींत शेंकडा एक म्हणजे ६० कोटि, वर्षाला २०. औषधें, चामडें, कडधान्यें, साथीचे रोग, अशा मोजक्या विषयांच्या केंद्रांस तेवढे दिले, आणि तेहि वर्षावर्षाच्या मंजुरीवर टांगून न ठेवतां दहा वर्षांच्या हमीनें दिले, तर निवडणारीं माणसें नेमतां येतील आणि टिकवितां येतील. वर्गणीची मुदत २०२७ अखेर संपते. पुढचा करार करतांना शंभरांतला हा एक रुपया बाजूस काढला जातो कीं नाहीं, हें आम्ही पाहणार आहों. आणि न निघाल्यास पुन्हां लिहूं.