कॉफी कशीही प्या, पण पाकिटाची मागची बाजू वाचा

कॉफीत दूध घातलं की संपलं, तुम्हाला कॉफी कळत नाही, असा एक नियम सध्या रील्सवरून आपल्या डोक्यात पक्का बसतोय. साखर घातली तर आणखी मार्क कमी. जायफळाचं तर नावच काढायचं नाही. त्यामुळे कॅफेत ग्रुपसमोर ब्लॅक कॉफी मागवणारा आणि घरी आल्यावर ‘आई, जायफळ जरा जास्त किस’ म्हणणारा, हा बऱ्याचदा एकच असतो. साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचं विश्रामबाग, चित्र सारखंच.

आमचं म्हणणं सरळ आहे. घरी कॉफी कशी प्यायची हे ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त ठरवताना कपात काय पडतंय ते माहीत असावं. आज आपल्याला लाज वाटते ती दुधाची. पाकिटात खरी कॉफी किती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्याकडे चहा रोजचा आणि कॉफी कधीमधीची. उपवासाला, पाहुणे आले की, नाहीतर परीक्षेच्या रात्री. पातेल्यात दूध, साखर, चमचाभर पावडर, वर जायफळ किंवा वेलची. हा सगळा पट्टा दुधाचा. भिलवडीत चितळ्यांची डेअरी 1939 पासून आहे. अशा भागात कॉफी दुधात मुरली यात नवल काय? आणि दूध घालणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश कॉफीचा कडूपणा बोथट करतात. दक्षिणेतली फिल्टर कॉफीही दुधाचीच असते, आणि तिला कुणी गावठी म्हणत नाही.

नावाला आपण किती भुलतो, हे 2020 च्या लॉकडाउनमध्ये दिसलं. कॉफी, साखर आणि थोडं पाणी फेटून दुधावर घालायची, ही युक्ती आपल्या हॉस्टेलांत आणि घरांत जुनीच. एका कोरियन अभिनेत्यानं मकाऊमध्ये तशीच कॉफी प्यायल्यावर तिला दालगोना म्हटलं, आणि मग आपणही तिचे फोटो टाकायला लागलो. कॉफी तीच होती, नाव तेवढं परदेशी मिळालं.

आता मुद्द्याचं. घरातलं कॉफीचं पाकीट उलटं करा. बऱ्याच पाकिटांवर ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. ते भाजून दळलं की रंग गडद येतो, चव कडसर-गोड लागते, पण त्यात कॅफिन अजिबात नसतं. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे युरोपात कॉफीची टंचाई झाली, तेव्हा फ्रान्समध्ये चिकोरीचा वापर वाढला. पुढे ती सवय जगभर पसरली. आपल्या देशातल्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असलेलं पाकीटही कायद्यानं योग्यच.

चिकोरी वाईट आहे असं नाही. दुधात कॉफीची चव टिकायला ती मदत करते, दाटपणा देते. ज्याला तीच चव आवडते त्यानं खुशाल घ्यावी. पण ‘स्ट्राँग’ लिहिलंय म्हणून घेतलं आणि त्यात भाव चिकोरीचा, असं होऊ नये. दोन पाकिटं शेजारी ठेवून टक्केवारी आणि किंमत ताडून बघा. दहा रुपये स्वस्त मिळालेलं पाकीट खरंच स्वस्त आहे का, ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट बियांची. अरेबिका मऊ आणि सुवासिक, रोबस्टा कडक, आणि तिच्यात कॅफिन साधारण दुप्पट. आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकते. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, चिकमगळूर, कोडगू, हासन या जिल्ह्यांत. साताऱ्यावरून जाणारा महामार्ग पुढे बेंगळुरूलाच पोचतो, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसही जाते. तिकडे कुणी जाणार असेल तर ताजी दळलेली अर्धा किलो पावडर आणायला सांगा. परदेशी कॅप्सूलचे व्हिडिओ बघण्यापेक्षा शेजारच्या राज्यातली कॉफी चाखलेली बरी.

ती करायला मशीन लागत नाही. पावडर दुधात रटरटा उकळली की कडूपणा वाढतो आणि वास उडून जातो. त्यापेक्षा दोन चमचे पावडरीवर अर्धा कप गरम पाणी ओता. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबलेलं असावं. चार-पाच मिनिटं झाकून ठेवा, स्वच्छ फडक्यातून गाळा. हे झालं डिकॉक्शन. त्यात गरम दूध, साखर आणि सगळ्यात शेवटी जायफळ किसा, म्हणजे त्याचा वास कपात राहतो. रूमवर राहणाऱ्यांना एक किटली आणि एक फडकं पुरतं. इन्स्टंट असेल तर गॅस बंद केल्यावरच घाला.

परीक्षेच्या रात्रीबद्दल एवढंच. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला प्यायलेली कॉफी पहाटे चारलाही निम्मी अंगात असते, आणि नऊच्या पेपरला डोकं जड होतं. जायफळानं झोप येते असं घरोघरी म्हणतात, पण चिमूटभर जायफळ या हिशोबापुढे टिकणार नाही. शेवटचा कप संध्याकाळी घेतलेला उत्तम.

ब्लॅक कॉफी मनापासून आवडत असेल तर जरूर प्या, तिची चवही भारीच आहे. पण कुणी हसेल म्हणून पीत असाल, तर शंभर-दीडशे रुपये देऊन तोंड कडू करून घेण्यात काय अर्थ? पुढच्या वेळी ग्रुपमध्ये कुणी तुमच्या दुधाच्या कॉफीला नाक मुरडलं, तर त्याला फक्त एक विचारा: तुझ्या घरच्या पाकिटात कॉफी किती टक्के आहे रे?