ओसरीवरून : फटफटी आणि चाकाचा धूर

ज्या घरांत वीस वर्षांचा मुलगा आणि मोटारसायकल हीं दोन्ही आहेत, त्या घरांतील वडील मंडळींना आजचा विषय नवीन वाटूं नये. आमच्या लहानपणीं तिला फटफटी म्हणत; आतां ती नुसती 'गाडी' झाली आहे. पुणें जिल्ह्याला तर हें वाहन मुळींच परकें नाहीं. १९६० सालीं बजाज व इटलींतील पियाजिओ यांचा करार झाला, १९७२ सालीं 'चेतक' स्कूटर आली, आणि २०१२ सालापासून खुद्द बारामतीच्या कारखान्यांतून वेस्पा बाहेर पडूं लागली. ज्या तालुक्यांत हीं वाहनें तयार होतात तेथील मुलांना त्यांचा नाद लागला, तर नवल तें काय?

आमचे थोरले बंधु बारामतीजवळ कन्हेरीस राहतात. गेल्या दिवाळींत आम्ही सर्व तेथें जमलों होतों. शनिवार असल्यामुळें घरची मंडळी मारुतीच्या दर्शनास गेली होती. मी ओसरीवर बसलों असतां पुतण्यानें अंगणांत गाडी उभी केली, पुढचा ब्रेक घट्ट धरला, आणि इंजिनाची गति वाढवून क्लच सोडला. पुढचें चाक जागच्या जागीं, मागचें मात्र गरगर फिरतें आहे. क्षणांत पांढऱ्या धुराचा लोट उठला, जळक्या रबराची घाण घरभर पसरली, आणि फरशीवर काळा कुळकुळीत पट्टा उमटला. तरुण मंडळी या प्रकाराला 'बर्नआउट' म्हणतात. मीं काय केलें? टाळ्या वाजविल्या! इतकेंच नव्हे, तर दिवाळीचे म्हणून पांच हजार रुपये त्याच्या हातीं ठेवले आणि "दादाला सांगूं नकोस" असेंहि बजावलें. हें लिहितांना संकोच वाटतो. परंतु त्यावांचून पुढची गोष्ट समजणार नाहीं.

त्या धुराचा अर्थ मला मागाहून कळला. रबरांत गंधक मिसळून त्यास उष्णता दिली म्हणजे तें चिवट व टिकाऊ होतें, हें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं आढळलें. तेंच रबर एका जागीं घासून जाळलें कीं महिनोगणती पुरावयाचा टायर घटकेंत झिजतो. गाडीचें चाक रस्त्याला टेकतें तें अवघें तळहाताएवढ्या जागेवर. त्या जागेंतील खांचा ओल्या रस्त्यावरचें पाणी बाजूला सारतात. खांचा गेल्या कीं चाक पाण्यावरून घसरतें. शिवाय आपल्याकडील बहुतेक गाड्यांचें इंजिन धांवतांना लागणाऱ्या वाऱ्यानें थंड होतें. गाडी उभीच ठेवून तें ताणलें, तर वारा कोठून मिळणार? क्लचच्या चकत्या जळतात, साखळीवर ताण पडतो, आणि हें सर्व कशासाठीं, तर चार मित्रांनीं 'वा' म्हणावें म्हणून. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें १९८८ सालापासून भरणाऱ्या 'समरनॅट्स' नांवाच्या मेळ्यांत मोटारींच्या अशा स्पर्धा होतात. पण त्या आंखलेल्या जागेंत. घरच्या वापराची गाडी हें त्याचें स्थळ नव्हे.

मीं दिलेले पैसे घेऊन पुतण्या एका झगझगीत दुकानांत गेला. तेथें त्याच्या गाडीस कर्कश आवाजाचा सायलेन्सर बसविण्यांत आला. क्लचच्या चकत्या बदलल्याचे पैसेहि घेतले. परंतु जुन्या चकत्या परत दिल्या नाहींत, आणि हिशेब कोऱ्या चिठोऱ्यावर लिहिला. टायरविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं.

पंधरा दिवसांनीं वहिनींना डोळे तपासण्यासाठीं तो बारामतीस घेऊन निघाला. आदल्या रात्रीं अवकाळी पाऊस झाला होता, आणि उसाच्या ट्रॅक्टरांनीं शेतांतील चिखल रस्त्यावर आणून टाकला होता. वेग बेताचाच होता, तरी वळणावर मागचें चाक सटकलें आणि दोघेंहि पडलीं. वहिनींचें मनगट मोडलें. पुतण्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें, वहिनींच्या नव्हतें. त्यांचें डोकें वांचलें तें केवळ दैवानें.

मी कन्हेरीस धांवलों आणि गाडी गांवांतील एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यानें मागच्या टायरवरून अंगठा फिरविला व म्हणाला, "काका, ह्यो टायर मी दिवाळीनंतर लगेच बघितला व्हता. पोराला म्हणलं, मागं घरचं माणूस बसतंय, आधी टायर बदल, मग भोंगा लाव. त्यो म्हणला, पैसं एकाचंच हायेत."

ते पैसे कोणाचे होते, हें मला विचारावें लागलें नाहीं.

कायद्याचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करणें आणि रस्त्यावर धोकादायक रीतीनें गाडी हांकणें हे दोन्ही गुन्हे आहेत. आमचा पुतण्या एकोणीस वर्षांचा. परंतु त्याचा धाकटा भाऊ सोळाचा आहे आणि किल्लीकडे डोळा लावून बसला आहे. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. एकत्र कुटुंबांत किल्ली खुंटीला टांगलेली असते आणि ती कोणी द्यावी याचा निश्चय नसतो; तेथें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं सर्वांसमक्ष दादांना पैशांची हकीकत सांगितली. ते रागावले नाहींत. "आतां टायरचेहि तूंच दे," एवढेंच म्हणाले. मग घरांत चार गोष्टी ठरल्या. बदललेला प्रत्येक भाग मिस्त्रीकडून परत मागावा. हिशेब छापील पावतीवर घ्यावा. आय. एस. ४१५१ या प्रमाणाचीं दोन शिरस्त्राणें ठेवावीं, एक चालविणाऱ्यास व एक मागें बसणाऱ्यास. आणि मुलाला पैसे द्यावयाचे ते सर्वांच्या देखत द्यावे. ही चौथी गोष्ट माझ्यासाठीं होती.

प्लास्टर निघाल्यावर वहिनी पहिल्यानें बाहेर पडल्या त्या मारुतीलाच. पुतण्यानें जुना सायलेन्सर पुन्हां बसवून गाडी दारांत आणली. वहिनींनीं शिरस्त्राण चढविलें, खालीं वांकून नव्या टायरच्या खांचांवरून बोट फिरविलें, आणि मग "चल" म्हणाल्या. फरशीवरचा काळा पट्टा मात्र अजून पुरता निघालेला नाहीं. ओसरीवर बसलें कीं तो समोरच दिसतो.