बाटलीवरचा कागद

मागच्या खरिपात आपल्या एका कार्यकर्त्याने मला मुद्दाम त्याच्या वावरात नेले. पऱ्हाटी कमरेला लागली होती. पण शेंड्याची पाने पाहिली आणि पोटात गोळा आला. पाने अरुंद होऊन लांबलेली, बोटांसारखी चिरलेली, शिरा एकमेकींजवळ ओढलेल्या. लांबून पाहिले तर कपाशी नव्हे, भेंडीच वाटावी. "भाऊ, हा कोणता रोग म्हणायचा? कृषी केंद्रवाला म्हणते व्हायरस आहे, अजून एक फवारा मारा."

रोग नव्हताच. टू-फोर-डीचा मार होता. ज्वारीतले रुंद पानांचे तण मारायला जे तणनाशक चालते, ते कपाशीला इतके लागते की पंपाच्या तळाशी राहिलेला अंशसुद्धा पुरतो. येथे तर पंपच्या पंप भरून मारला होता.

घरी येऊन कोठ्यातली फळी पाहिली. दोन बाटल्या शेजारी शेजारी. एक ज्वारीच्या तणनाशकाची, दुसरी मावा-तुडतुड्याच्या औषधाची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच आकाराच्या. एकीवर कागदाचा अर्धा तुकडा, त्यावरची अक्षरे तेल लागून पसरलेली. दुसरी पार बोडकी. सालदाराने अंदाजाने उचलली होती आणि मालक त्याला शिव्या देत होता. मी म्हटले, "त्याच्यावर काय ओरडतोस? तू सांग बरं, यातली कोणती कोणती?" त्याने एक बाटली उचलली आणि झाकण काढून नाकाला लावायला घेतली. मी त्याचा हात धरला.

दोन एकरांची पऱ्हाटी गेली. बी-बियाणे, खत, निंदण, डवरणी सगळे तिच्याबरोबर गेले, आणि कारण काय, तर बाटलीवरचा कागद टिकला नाही. शेतीमालाच्या भावाच्या प्रश्नापुढे हा प्रश्न लहान आहे हे मला कळते. तरी या अंकातली जागा मी त्यासाठी मागून घेतली आहे.

कायद्याने या कागदाचा विचार केलेला नाही असे कोणी समजू नये. कीटकनाशक कायदा 1968 सालचा, त्याखालचे नियम 1971 सालचे. लेबलवर पतंगासारखा उभा चौकोन हवा. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग हवा: लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल असेल तर वरच्या अर्ध्यात कवटी आणि हाडे. या चौकोनाने लेबलच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा व्यापला पाहिजे, इतक्या बारकाईने लिहिले आहे. आणि लेबल सहजासहजी काढता येणार नाही असे चिकटवावे, असेही लिहिले आहे. म्हणजे माणसाने नखाने ओरबाडून लेबल काढू नये याची काळजी घेतली गेली. पण बाटलीतल्या मालानेच ते धुऊन काढले तर?

आणि नेमके तेच होते. औषधाच्या नावापुढे तुम्ही 'ई.सी.' ही अक्षरे पाहिली असतील. क्लोरपायरीफॉस 20 टक्के ई.सी., प्रोफेनोफॉस 50 टक्के ई.सी., सायपरमेथ्रीन 25 टक्के ई.सी. ही औषधे पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती आधी पेट्रोलियमच्या जातीच्या द्रावकात विरघळवतात आणि पाण्यात मिसळावीत म्हणून त्यात साबणासारखे काही घालतात. बादलीत ओतल्याबरोबर पाणी दुधासारखे पांढरे होते ते याचमुळे. आता हा द्रावक म्हणजे रंग आणि डिंक विरघळवणारी वस्तू. रंगाच्या कारखान्यात आणि छापखान्यात त्याच जातीचे द्रावक वापरतात. तुम्ही टोपणात माप घेता, टोपण परत लावता, दोन थेंब बाटलीच्या गळ्यावरून खाली ओघळतात. ते कागदावर येतात. कागद ते पितो, शाई सुटते, डिंक ढिला होतो. मग ओल्या हाताने बाटली धरली, पावसात बांधावर ठेवली, की राहिलेले काम पाणी करते. हंगामाच्या सुरुवातीला आणलेली बाटली पोळ्यापर्यंत बोडकी होते.

उन्हाचे आणखी वेगळे. बसस्टँडवरचे जुने पोस्टर आठवा. उन्हात त्यातला लाल-पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. जुनी पोस्टरे निळसर दिसतात ती त्यामुळे. साध्या चार रंगी छपाईत लाल रंग हा गुलाबी आणि पिवळ्याच्या मिश्रणाने होतो आणि हे दोन्ही उन्हाला कच्चे. म्हणजे बांधावर पडलेल्या बाटलीवरचा सगळ्यात जहाल विषाचा त्रिकोण सगळ्यात आधी फिका पडणार. वाचता न येणाऱ्या मजुरालाही कळावे म्हणून रंग ठेवला, तो रंगच आधी जातो. हे ज्यांनी ठरवले त्यांनी कधी बाटली उन्हात ठेवून पाहिली नसावी.

यावर उपाय नाही असे नाही. मी शेतकी कॉलेजात असताना सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर नाव लिहायला आमचे सर पेन हातात घेऊ देत नसत. काच एकदा अल्कोहोलातून, मग झायलीनमधून काढावी लागे. बॉलपेनची शाई पहिल्याच बुडीत जाई आणि कोणती काच कोणाची ते देवालाच ठाऊक. सरांचा नियम एकच: शिसपेन्सिल. शिसपेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट, ते अल्कोहोलात विरघळत नाही, झायलीनमध्येही नाही. दोन पैशांची पेन्सिल. आता मोठ्या प्रयोगशाळांत कागदाऐवजी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची लेबले आणि राळेची शाई वापरतात. झायलीनमध्ये भिजवले, घासले, तरी अक्षर हलत नाही. ज्या प्रयोगशाळेत दहा माणसे शिकलेली आणि हातमोजे घातलेली असतात, तेथे ही काळजी.

कारखानदारीत तर याहून पुढची गोष्ट आहे. धोकादायक रसायनाचे पिंप जहाजातून परदेशी पाठवायचे असेल तर आंतरराष्ट्रीय सागरी नियम असा आहे की, पिंप समुद्रात पडले आणि तीन महिने खाऱ्या पाण्यात राहिले तरी त्यावरची खूण ओळखता आली पाहिजे. त्यासाठी इंग्रजांचे एक मानकच आहे, बी.एस. 5609 नावाचे. लेबल खाऱ्या पाण्यात ठेवतात, उन्हात वाळवतात, वाळूने घासतात, मग पास-नापास ठरवतात. आपल्या देशातून रसायने जहाजाने बाहेर जातात, त्यांनाही हा नियम लागू आहे. म्हणजे असे लेबल कसे करायचे ते आपल्या देशात ठाऊक आहे, मिळतेही. जे पिंप समुद्रात पडण्याची शक्यता हजारात एक, त्याला तीन महिन्यांची हमी. जी बाटली रोज ओल्या हातात येते, तिला कागद.

माल काय असावा तेही सांगतो, कारण सभेत कोणी विचारले तर आपल्याला बोलता आले पाहिजे. लेबलला तीन अंगे: अंग, शाई आणि डिंक. अंग कागदाचे नको, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पापुद्र्याचे हवे. शाई द्रावकाला न सुटणारी हवी, नाहीतर तिच्यावर पारदर्शक पापुद्रा चढवलेला हवा. डिंक म्हणाल तर रबराच्या जातीचा तेलकट द्रावकात फुगतो; ॲक्रिलिकच्या जातीतला चांगला डिंक त्यापेक्षा बरा टिकतो. तिन्हींपैकी एक कच्चे असेल तर बाकीची दोन असून नसून सारखी. सगळ्यात उत्तम म्हणजे जे चिकटवलेलेच नाही ते. बाटली ओततानाच नाव आणि धोक्याची खूण तिच्या अंगावर उठवायची. उठवलेले अक्षर विरघळत नाही, फिके पडत नाही आणि अंधारात बोटाने चाचपता येते.

आता पिकापेक्षा मोठी गोष्ट. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. लेबल टिकाऊ असते तर ती माणसे वाचली असती असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी होती, औषधांत औषधे मिसळून मारली जात होती, अंगावर काही नव्हते, कारणे पुष्कळ होती. पण एक गोष्ट डॉक्टर मंडळी तेव्हाही सांगत होती आणि आजही सांगतात: येताना बाटली घेऊन या. का, ते समजून घ्या. क्लोरपायरीफॉस किंवा प्रोफेनोफॉस अंगात गेले असेल तर ॲट्रोपीन हा उतारा आहे. लाळ सुटते, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, त्यावरून डॉक्टरला अंदाज येतो. पण सायपरमेथ्रीनला किंवा इमिडाक्लोप्रीडला असा नेमका उतारा नाही. तेथे लक्षणे पाहून सांभाळत राहावे लागते, आणि ॲट्रोपीन भरमसाट दिले तर तेच रोग्याला बाधते. मिसळून मारले असेल तर लक्षणेही मिसळून येतात. अशा वेळी रात्री ऑटोमध्ये घालून माणूस आणला, सोबत बाटलीही आणली, आणि बाटलीवर काहीच नाही. मग नातेवाईक सांगतात, "पांढऱ्या रंगाचं होतं, वास लई उग्र होता." त्यावर डॉक्टरने काय करायचे?

लेबलाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती बॅच नंबर. औषध बनावट निघाले, अळी मेली नाही, तक्रार केली, की पहिला प्रश्न बॅच कोणती. बहुतेक वेळा तो नंबर याच कागदावर, तोही कागदापेक्षा कच्च्या शाईने मारलेला. पुसला गेला की तुमची तक्रार हवेत. बिल आहे म्हणाल, तर बिलावर बॅच लिहून घेणारे आपल्यात किती?

साहेब लोकांशी याविषयी बोलावे तर उत्तर ठरलेले: शेतकरी लेबल वाचतच नाही. मी स्वतः शेतकीची पदवी घेतलेला माणूस. आतल्या घडीपत्रिकेतले अक्षर मला भिंगाशिवाय वाचता येत नाही. वाचत नाही म्हणणाऱ्यांनी आधी वाचता येईल असे छापावे आणि छापलेले हंगामभर राहील असे करावे. मग आमच्या वाचण्याची परीक्षा घ्यावी. दुसरे उत्तर खर्चाचे. पापुद्र्याचे लेबल कागदापेक्षा महाग पडते, खरे आहे. पण शेकडो रुपयांच्या बाटलीपुढे तो फरक किरकोळ आहे, आणि तो तसाही आपल्याच खिशातून जाणार.

त्यासाठी आणखी इन्स्पेक्टर नेमा असे मी सुचवणार नाही. इन्स्पेक्टर दुकानात येतो, चहा पितो आणि जातो, हे आपण पाहत आलो आहोत. मला नियमात एकच ओळ हवी आहे: बाटलीतलाच माल लेबलवर घासला, वर ते पाण्यात आणि उन्हात ठेवले, तरी हंगामभर नाव, रंग आणि बॅच वाचता आली पाहिजे. कंपनीने ते कसे साधायचे ते कंपनीने पाहावे. आणि नियम होईपर्यंत गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात जे आहे ते करावे: ज्याचे लेबल टिकत नाही त्याचा माल पुढच्या हंगामात घ्यायचा नाही.

थोडे आपल्या पदरातलेही बोलतो. क्वार्टरच्या किंवा पाण्याच्या बाटलीत औषध ओतून शेजाऱ्याला देणे हे आपण करतो, कंपनी नाही. त्या बाटलीवर जगातले कितीही चांगले लेबल असून उपयोग नाही. बाटली घरी आणली की झाकण उघडण्याआधी लेबलवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी एक वेढा ओढून घ्या. दोन हंगाम मी करून पाहिले, कागद बऱ्यापैकी टिकतो. लेबलचा मोबाईलवर फोटो काढा हे तर आहेच, पण तो फोटो मालकाच्या खिशात असतो आणि पंप असतो मजुराच्या पाठीवर. दवाखान्यात पोचेपर्यंत मालक सापडला नाही तर फोटो कशाचा दाखवणार? तणनाशकाच्या बाटलीला गळ्याशी लाल चिंधी बांधा आणि तिची फळी वेगळी करा. तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवता आला तर सगळ्यात बरे.

जिल्हा सभेला येताना प्रत्येक गावाने या हंगामातल्या लेबल गेलेल्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून आणाव्यात. आणण्याआधी तीन वेळा पाण्याने विसळा, ते पाणी फवाऱ्याच्या पंपातच ओता, नाल्यात नको, आणि झाकणे घट्ट लावा. पोत्याला हात लावणाऱ्याने मोजे घालावेत, लहान पोरांना त्याजवळ येऊ देऊ नये. ज्या बाटल्यांवर नाव अजून दिसते त्याही थोड्या आणा. डिझेलचा बोळा दहा वेळा फिरवून कोणाचे अक्षर राहते ते सगळ्यांसमोर पाहू आणि यादी करू. ही यादी कृषी अधीक्षकांकडे आणि कंपन्यांच्या माणसांकडे त्याच दिवशी द्यायची आहे.

प्रत्येक पोत्यात गावाचे नाव आणि बाटल्यांचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाका. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको.