वेदी एक, पंगती दोन

लग्नाची बोलणी सुरू झाली की धर्मग्रामाच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. मुलगा शिकलेला आहे, नोकरी चांगली आहे, मिस्सा चुकवीत नाही, व्यसन नाही, हे सारे पालकांनी आधीच पाहिलेले असते. मग आई खुर्ची थोडी पुढे ओढते आणि आवाज खाली आणून विचारते, "फादर, पण ही माणसं मूळची कुठली?" या प्रश्नाचा भूगोलाशी काहीही संबंध नसतो. मंडळी गोव्याची की वसईची, आजऱ्याची की नगरकडची, हे तिला ठाऊक असते. तिला जे विचारायचे असते ते उघड विचारण्याची लाज वाटते. एवढीच काय ती आपल्या ख्रिस्ती संस्काराची शिल्लक!

परमेश्वराची प्रीती दैनंदिन जीवनात कशी जगावी, यावर आपल्याकडे उदंड बोलले जाते. उपवासकाळातील साधनेत, नोव्हेनांत, युवकांच्या शिबिरांत हा विषय ठरलेला. त्या साऱ्या बोलण्यातून निष्पन्न होते ते बहुधा असे : शेजाऱ्याशी गोड बोलावे, आजाऱ्याची विचारपूस करावी, राग आवरावा, नाताळात अनाथाश्रमात केक पाठवावा. यात वाईट काहीच नाही. परंतु हे सर्व यथासांग करूनही ज्या माणसाला आपण आपल्या घरच्या टेबलाशी बसवीत नाही, तो उंबऱ्याबाहेर उभा होता तसाच उभा राहतो. माझे म्हणणे सरळ आहे. प्रीतीची परीक्षा वेदीपाशी होत नाही. तेथे आपण सारेच उत्तीर्ण असतो. ती परीक्षा पंगतीत होते, आणि आपण मराठी कॅथलिक तिच्यात जातीपायी वर्षानुवर्षे नापास होत आलो आहोत.

"ख्रिस्ती धर्मात जात नाही," हे उत्तर लगेच येईल. धर्मात नाही हे खरे. ख्रिस्ती माणसांत ती आहे आणि चांगली मुरलेली आहे. गोव्यातील अनेक चर्चच्या कॉन्फ्रारी जातीजातींत वाटलेल्या होत्या आणि फेस्ताचा मान कोणाचा यावरून तेथे वाद झडत आले, हे गोवेकरांना सांगावे लागत नाही. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी श्रद्धेचे बी पेरले. ते ज्यांनी स्वीकारले त्यांत गावकुसाबाहेर ठेवलेले लोक बहुसंख्य होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, धर्मगुरू आणि धर्मभगिनी आहेत. तरी ती 'नगरकडची' ठरतात आणि तो शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो हे मला ठाऊक आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत तर मृतांमध्येसुद्धा भिंत उभी राहिली. भारतीय बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अस्पृश्यता आणि भेदभाव ख्रिस्तसभेतही आहे हे त्यांनी लेखी मान्य केले. बिशपांनी जे मान्य केले ते आपल्या दिवाणखान्यात मान्य व्हायला अजून किती वर्षे लागणार?

कोल्हापुरात आपली कुटुंबे मोजकी आहेत. कोणी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत नोकरीला आला, कोणी शाळेत, कोणी रुग्णालयात. कोणाचे पूर्वज गोव्याची हद्द सोडून आजरा-चंदगडच्या डोंगरात स्थिरावले होते, कोणी मंगळूरहून आले, कोणी नगरहून. अंबाबाईच्या नगरीत इतक्या थोड्या लोकांनी तरी एकमेकांना धरून राहावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. रविवारी मिस्सेत आपण एकमेकांना शांतीची खूण देतो आणि एकाच रांगेत उभे राहून ख्रिस्तशरीर स्वीकारतो. मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात घोळके होतात. ते कसे होतात ते पाहायला बाहेरून कोणा समाजशास्त्रज्ञाला बोलवायला नको, सदऱ्याच्या बाहीला धरून एखादे शाळकरी पोरही दाखवून देईल.

आता अंत्युखियाला काय घडले ते आठवा. पेत्र तेथे परराष्ट्रीयांतून आलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून बाजूला झाला. त्याने श्रद्धेचा एकही सिद्धांत नाकारला नव्हता. कोणाचा अपमानही केला नव्हता. तो फक्त जेवायला दुसरीकडे बसू लागला. 'आपले' लोक काय म्हणतील एवढीच त्याची भीती होती. आणि संत पौलाने काय केले? त्याने एकांतात नेऊन समजूत घातली नाही. सर्वांच्या समक्ष, तोंडावर, तो पहिल्या प्रेषिताला दोषी म्हणाला. गलतीकरांस पाठवलेल्या पत्राचा दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. कोण कोणाबरोबर जेवतो हा पौलाच्या मते शिष्टाचाराचा विषय नव्हता, तो शुभवर्तमानाच्या सत्याचा प्रश्न होता. आपल्यातील कित्येकांना मात्र तो 'ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न' वाटतो. पौलापेक्षा आपण अधिक समंजस झालो असावे!

सोळावे बेनेडिक्ट यांनी २५ डिसेंबर २००५ या तारखेच्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात परमेश्वराच्या प्रीतीचा विषय घेतला. जो ख्रिस्तयाग प्रत्यक्ष प्रेमाच्या आचरणात उतरत नाही तो मुळातच खंडित राहतो, असा त्यातील एका भागाचा आशय आहे. हे कोणा चळवळ्याचे मत नव्हे, ईशज्ञानात ज्यांचा अधिकार सर्वमान्य होता त्या परमगुरुस्वामींचे आहे. चर्चमध्ये जातीचा विषय काढला की ज्यांना राजकारणाचा वास येतो, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आणि आपण राहतो कोणत्या गावात? गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला हा माणूस संस्थानच्या पागेत नोकरीला होता. वरच्या जातींसाठी राखलेल्या पाण्याला शिवला म्हणून त्याला इतर नोकरांनी बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गंगारामला भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघाले, पण त्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही प्यायला लावीत. नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासवर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम काढणारा हा राजा. आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदाही त्याने केला. हुकुमाने आणि कायद्याने जे होत नाही ते एका कपाने होते, हे त्याने ओळखले होते. तो बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. आपण आहोत.

काही आक्षेप मी वारंवार ऐकतो. "लग्न हा मुलामुलींचा खाजगी प्रश्न आहे, त्यात चर्चने पडू नये." मान्य. पण मुलामुलींनी एकमेकांना पसंत केल्यावर त्यात पडते कोण? विवाहसंस्काराला कोणते अडथळे आहेत याची यादी ख्रिस्तसभेच्या कायद्यात स्पष्ट दिली आहे. त्यात जात नाही. जो अडथळा ख्रिस्तसभेने घातला नाही तो घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? "जुन्या जखमा कशाला उकरता?" असेही म्हणतात. जखम जुनी झाली हे ज्याला ती झालीच नाही त्याने सांगायचे काय? "परधर्मीयांपुढे आपली शोभा होते," हा तिसरा आक्षेप. त्यांना सारे माहीत आहे. आपल्याला माहीत नाही असे आपणच दाखवतो.

दरवर्षी १० ऑगस्टला देशभर काळा दिवस पाळण्याचे आवाहन होते. १९५० साली त्याच तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे, कारण धर्म बदलल्याने गावातील वागणूक बदलत नाही. पण १० ऑगस्टला शासनाकडे समतेची मागणी करणारे आपण ११ ऑगस्टला स्वयंपाकघरात काय करतो? कामाला येणाऱ्या बाईचा कप कोठे ठेवला आहे? मोरीशेजारच्या फळीवर, इतर कपांपासून वेगळा, बहुधा कान तुटलेला. ती बाई ख्रिस्ती असो वा नसो, त्या फळीकडे ख्रिस्ताचे लक्ष आहे.

१५ मे २०२२ रोजी देवसहायम यांना संत घोषित करण्यात आले. १७५२ साली गोळ्या घालून मारला गेलेला हा कन्याकुमारीकडचा प्रापंचिक माणूस. वरच्या जातीत जन्मून सर्वांबरोबर उठणेबसणे आणि जेवणे, हाही त्याच्याविरुद्धच्या रोषाचा एक भाग होता. त्याच्या नावामागे 'पिल्लई' ही जातवाचक उपाधी लावली जात असे. भाविकांनी आणि जाणकारांनी हरकत घेतली आणि रोमने संतघोषणेपूर्वी ती काढून टाकली. संताच्या नावातली जात गेली. आपण त्याच्या मध्यस्थीची प्रार्थना करतो आणि त्याच आठवड्यात स्थळांच्या वहीत 'आपल्यातले' असा शेरा लिहितो.

आम्हां धर्मगुरूंचे मौनही यात काही कमी दोषी नाही. वर्गणी कमी होईल, देणगीदार दुखावतील, फेस्ताच्या कमिटीत फूट पडेल, या धास्तीने पुलपिटावरून हा विषय निघत नाही. प्रवचनात प्रीतीबद्दल पंधरा मिनिटे बोलता येते आणि कोणालाही ओरखडा उठत नाही. अशा प्रवचनाचे दाराशी कौतुकही होते.

आमच्या धर्मग्रामात ऑक्टोबरमध्ये घरोघरी जपमाळ होते. आजवर घरे आपापसांत ठरत आणि काही घरे कधीच ठरत नसत. या वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या घरी त्या संध्याकाळी साऱ्यांनी जायचे, मग ते घर बंगला असो की भाड्याची खोली, आणि जपमाळेनंतर त्या घरचा चहा घेऊनच उठायचे. जे काही ताटात येईल तेही खायचे. "जपमाळ ठीक आहे, पण चहा कशाला? उगाच त्यांना खर्च," असे दोघातिघांनी आताच येऊन सांगितले आहे. साखर आणि चहापूड धर्मग्रामाच्या खर्चाने पाठवू, असे मी त्यांना कळवले आहे. चहा मात्र त्याच घरी होईल, त्यांच्याच भांड्यात.