विश्लेषण : परदेशी कामगारांच्या हक्कांची लढाई आठवड्याच्या सुट्टीपासून का सुरू होते?

१८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन. या दिवशी जगातील अनेक शहरांत परदेशी कामगारांचे मोर्चे, मेळावे, सभा आणि नाच-गाण्यांचे कार्यक्रम होतात. बातम्यांत त्यांचे एखादे छायाचित्र येते आणि विषय संपतो. अशा कार्यक्रमांतून खरोखर काही साध्य होते का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी एक साधी गोष्ट पाहावी लागते. कार्यक्रमाला यायला कामगाराला सुट्टी मिळते का?

१८ डिसेंबरच का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. मात्र त्यानंतर बराच काळ त्याला पुरेसे देश मान्यता देईनात. तेव्हा फिलिपिनो आणि इतर आशियाई कामगारांच्या संघटनांनी १९९७ पासून स्वतःच हा दिवस पाळायला सुरुवात केली. पुढे ४ डिसेंबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याला अधिकृत दर्जा दिला. म्हणजे हा दिवस आधी कामगारांनी पाळला आणि सरकारांनी नंतर स्वीकारला. करार प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै २००३ उजाडले.

या करारात कामगार संघटनांच्या बैठकांना हजर राहण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवला आहे. वैध कागदपत्रे असलेल्यांना संघटना स्थापन करण्याचाही हक्क आहे. पण करार मान्य करणारे देश प्रामुख्याने कामगार पाठवणारे आहेत. अमेरिका, पश्चिम युरोपातील देश आणि आखाती राष्ट्रे, म्हणजे जेथे हे कामगार प्रत्यक्ष राबतात ते देश, त्यापासून लांब राहिले आहेत.

हाँगकाँगचा रविवार काय सांगतो?

हाँगकाँगमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी घरकामगार आहेत. त्यांतील बहुतेक महिला असून त्या मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून येतात. भारत, श्रीलंका, थायलंड आणि नेपाळ येथील महिलांची संख्या त्यांच्या तुलनेत बरीच कमी आहे. हाँगकाँगच्या कायद्यानुसार दर सात दिवसांत किमान एक दिवस सुट्टी देणे मालकाला बंधनकारक आहे. ही सुट्टी बहुतेक जणींना रविवारी मिळते.

त्यामुळे रविवारी मध्य हाँगकाँगमधील बँका आणि कार्यालयांचा परिसर ओळखू येत नाही. चेटर रोडवरची वाहने बंद होतात. पुठ्ठे अंथरून हजारो महिला बसतात, घरून आणलेले डबे उघडतात, घरी पाठवायच्या वस्तूंची खोकी बांधतात. इंडोनेशियन महिला मोठ्या संख्येने व्हिक्टोरिया पार्कमध्ये जमतात. याच गर्दीत करारपत्र समजावून सांगणारे, थकलेल्या पगाराची तक्रार कशी करावी हे सांगणारे आणि सह्या गोळा करणारे कार्यकर्तेही असतात. सेंट जॉन कॅथेड्रलच्या आवारातून १९८१ पासून काम करणारी ‘मिशन फॉर मायग्रंट वर्कर्स’ ही संस्था अशा कामगारांना सल्ला देते.

या दिवसाचे मोल त्यांच्या कामाच्या रचनेत आहे. २००३ पासून त्यांना मालकाच्याच घरी राहणे सक्तीचे आहे. करार मुदतीआधी संपला, तर साधारण दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. म्हणजे नोकरी गेली की त्याच दिवशी डोक्यावरचे छप्पर जाते आणि पंधरवड्यात व्हिसाही. गिरणीत किंवा कारखान्यात शेजारच्या यंत्रावर दुसरा कामगार असतो. घरकामगार मात्र बंद दाराआड एकटीच काम करते. आपल्याला कमी पगार मिळतो आहे, हे तिला कळायचे तरी कसे? ते बहुतेक वेळा रविवारी, दुसरीशी बोलताना कळते.

या मेळाव्यांतून काय मिळाले?

सर्वांत जुने उदाहरण १९८० च्या दशकातील आहे. फिलिपिन्सचे तत्कालीन अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९८२ मध्ये आदेश काढला. परदेशातील कामगारांनी कमाईचा ठरावीक हिस्सा अधिकृत बँकांमार्फत मायदेशी पाठवलाच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. घरकामगारांसाठी तो हिस्सा निम्मा होता आणि न पाठवणाऱ्यांसाठी दंडाची तरतूद होती. हाँगकाँगमधील फिलिपिनो महिलांनी त्याविरुद्ध मोहीम उभी केली. १९८५ मध्ये दंडाची कलमे मागे घेण्यात आली. त्या मोहिमेतून फिलिपिनो कामगार संघटनांचा एक महासंघ तयार झाला आणि तो पुढेही टिकला.

दुसरे उदाहरण २०१४ चे. एर्वियाना सुलिस्त्यानिंगसिह ही तरुण इंडोनेशियन घरकामगार मालकिणीच्या अमानुष मारहाणीनंतर जखमी अवस्थेत मायदेशी परतली. हे प्रकरण बाहेर येताच हाँगकाँगमधील हजारो घरकामगार रस्त्यावर उतरल्या. एर्वियाना साक्ष द्यायला परत आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायालयाने मालकिणीला दोषी ठरवून सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. अशा प्रकरणांत पीडित व्यक्ती मायदेशी गेली की खटला थंडावण्याची भीती असते. येथे संघटित पाठिंब्यामुळे तसे झाले नाही.

तिसरे यश जागतिक पातळीवरचे आहे. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठीचा करार क्रमांक १८९ स्वीकारला. त्यासाठी अनेक देशांतील घरकामगार महिला जिनिव्हात स्वतः बाजू मांडायला गेल्या होत्या. आठवड्यात सलग २४ तास विश्रांती, त्या वेळेत मालकाच्या घरातच थांबण्याची सक्ती नसणे आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी त्या करारात आहेत. दोन वर्षांनी घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. सुरुवातीला त्याचे मुख्यालय हाँगकाँगमध्येच होते.

काय मिळाले नाही?

हे मेळावे म्हणजे जादूची कांडी नाही. घरकामगारांचे किमान मासिक वेतन १९९९ मध्ये ३,८६० वरून ३,६७० हाँगकाँग डॉलरवर आणले गेले. २००३ मध्ये ते आणखी घटवून ३,२७० करण्यात आले. दोन्ही वेळा विरोध झाला, पण कपात टळली नाही. हाँगकाँगमध्ये २०११ पासून सर्वांसाठी तासावर आधारित किमान वेतन लागू झाले. त्यातून मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना वगळण्यात आले.

सर्वांत मोठा पराभव न्यायालयात झाला. हाँगकाँगमध्ये सात वर्षे कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या परदेशी नागरिकाला कायम राहण्याचा हक्क मागता येतो. घरकामगारांनाही तो मिळावा, अशी मागणी होती. २५ मार्च २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्यामुळे वीस वर्षे काम केलेली महिलाही कायद्याच्या नजरेत तात्पुरतीच राहते.

अलीकडे सार्वजनिक जागाही आकसली आहे. करोनाच्या सुरुवातीला, जानेवारी २०२० मध्ये, कामगार विभागाने घरकामगारांना सुट्टीच्या दिवशी घरातच थांबण्याचे आवाहन केले. ज्यांचे घर हीच कामाची जागा, त्यांच्यासाठी याचा अर्थ सुट्टीच्या दिवशीही काम असा होण्याची शक्यता उघड होती. २०२० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर तेथील नागरी संघटनांवर दबाव वाढला. ऑक्टोबर २०२१ मध्ये हाँगकाँगच्या मोठ्या स्वतंत्र कामगार महासंघाने स्वतःला विसर्जित करण्याचा निर्णय घेतला.

वेगवेगळ्या देशांच्या कामगारांनी एकत्र का यावे?

‘आंतरराष्ट्रीय एकजूट’ हा शब्द भाषणात नेहमी येतो, पण येथे त्यामागे रोख व्यवहार आहे. फिलिपिनो महिला संघटित होऊन पूर्ण पगार मागू लागल्या, की दलाल मालकाला दुसऱ्या देशाची, कमी पगारात तयार होणारी कामगार सुचवू शकतो. कामगार पाठवणारी सरकारेही एकमेकांशी स्पर्धा करतात. अटी कडक केल्या तर मागणी शेजारच्या देशाकडे वळेल, अशी भीती त्यांना असते.

हाँगकाँगमध्ये १९९६ पासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, थायलंड, नेपाळ आणि श्रीलंकेच्या कामगारांचा संयुक्त मंच काम करतो. भाषा वेगळी, धर्म वेगळा, तरी मागणी एकच असली की एका देशाच्या कामगाराविरुद्ध दुसऱ्या देशाचा कामगार वापरणे अवघड होते.

सिंगापूर आणि आखातात काय स्थिती आहे?

सिंगापूरमध्ये घरकामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती १ जानेवारी २०१३ पासून. तीही पैसे घेऊन सोडून देण्याची मुभा होती. व्यवहारात ‘मुभा’ कोणाच्या सोयीची ठरते, हे सांगायला नको. १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातील किमान एक सुट्टी पैशांच्या बदल्यात रद्द करता येत नाही.

आखातात कुवेतने २०१५ मध्ये आणि कतारने २०१७ मध्ये घरकामगारांसाठी कायदे केले. दोन्हींत साप्ताहिक विश्रांतीची तरतूद आहे. मात्र तेथे ‘कफाला’ म्हणजे प्रायोजक मालकाशी व्हिसा बांधून ठेवणाऱ्या पद्धतीचा पगडा मोठा राहिला आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली आणि १,००० रियालचे किमान वेतन जाहीर केले. सर्वांना समान लागू होणारे हे वेतन विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने जगाचे लक्ष तेथे लागल्यानंतर आले. पण कामगारांना स्वतःची संघटना उभारण्याचा हक्क त्यासोबत आला नाही. बाहेरचे लक्ष हटल्यावर या सुधारणांवर नजर ठेवायला कामगारांचे स्वतःचे व्यासपीठ नसेल, तर त्या टिकवणे कठीण जाते.

मुंबईला हा अनुभव ओळखीचा का वाटावा?

कारण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईनेही याच मागणीपासून सुरुवात केली होती. गिरण्यांत राबणारे बहुतेक कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेले, म्हणजे स्थलांतरितच होते. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगाकडे गेले. त्यातील पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे महिला कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज जो रविवार गृहीत धरतो, तो अशा सभांतून आला आहे.

भारताची भूमिका काय?

भारताने स्थलांतरित कामगारांच्या १९९० च्या करारावर सही केलेली नाही. घरकामगारांच्या करार क्रमांक १८९ लाही मान्यता दिलेली नाही. परदेशातील भारतीयांसाठी सरकारचा दिवस आहे तो ९ जानेवारी, महात्मा गांधी १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतले त्याची आठवण म्हणून. प्रवासी भारतीय दिवसाचा भर गुंतवणूक आणि यशस्वी अनिवासी भारतीयांच्या सन्मानावर राहिला आहे. रत्नागिरी, रायगड किंवा गोव्यातून आखातात गेलेला वेल्डर, चालक किंवा स्वयंपाकी त्या चित्रात क्वचितच दिसतो.

मतदानातही फरक आहे. फिलिपिन्सने २००३ मध्ये परदेशातील नागरिकांना तेथूनच मतदान करण्याचा हक्क दिला. अनिवासी भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतःच्या मतदारसंघात प्रत्यक्ष यावे लागते. आखातातील मजुराला ते परवडणारे नाही. परदेशी रोजगाराचे नियमन आजवर १९८३ च्या कायद्याच्या चौकटीत होत आले आणि त्याच्या जागी नव्या कायद्याची चर्चा २०२१ च्या मसुद्यापासून सुरू आहे.

देशांतर्गत चित्रही याहून वेगळे नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो नोंदणी आणि कल्याणकारी मदतीपुरता आहे, त्याने साप्ताहिक सुट्टीची हमी दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

मग अशा कार्यक्रमांकडे कसे पाहावे?

मेळाव्याला किती गर्दी झाली किंवा कोणते पाहुणे आले, यावरून त्याचे यश मोजता येत नाही. काही प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. ज्यांच्याविषयी कार्यक्रम आहे त्यांना तेथे यायला सुट्टी मिळाली का? व्यासपीठावर त्या स्वतः बोलतात की त्यांच्या वतीने दुसरे कोणी? दुसऱ्या दिवशी एखादीला कामावरून काढले तर तिने कोणाला फोन करायचा, हे तिला ठाऊक आहे का?

हाँगकाँगच्या महिलांनी अनेक लढाया हरल्या, तरी दर रविवारी एकत्र येण्याची त्यांची जागा सोडली नाही. १९८५ ची माघार असो की २०१५ चा निकाल, दोन्हींच्या मागे ही आधीपासून बांधलेली ओळख होती. नवा कायदा, मग तो परदेशी जाणाऱ्यांसाठी असो की आपल्या घरात भांडी घासणाऱ्यांसाठी, तपासताना त्यात साप्ताहिक सुट्टी आणि एकत्र येण्याचा हक्क लिहिलेला आहे का, हे आधी पाहायला हवे. ते कलम नसेल, तर इतर कलमांचा भंग झाल्याचे उघडकीला यायलाच मार्ग उरत नाही.