पंखा घेण्याआधी बॅटरी कोणाची ते पाहा



मे महिन्यात शाळेला सुट्टी पडली की आम्ही मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी जातो. घरात आमच्या अम्मी, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुले असतात. अम्मींचे वय ७८ आहे आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. मे अखेरीस कोकणात हवा अशी दाटते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि नेमकी त्याच वेळी रात्री-बेरात्री लाईट जाते. मग भावजय हातपंखा घेऊन अम्मींच्या उशाशी बसते. अम्मी म्हणतात, "जा बेटा, झोप. मला काही होत नाही." पण त्यांच्या छातीतली घरघर बाहेरच्या पडवीपर्यंत ऐकू येते.

आमच्या भागातल्या घरांना ३ जून २०२० हा दिवस विसरता येत नाही. ईद होऊन जेमतेम दीड आठवडा झाला होता आणि निसर्ग चक्रीवादळ आले. खांब आडवे झाले, तारा तुटल्या, कित्येक गावांत बरेच दिवस अंधार होता. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री संपली. एवढी जड बॅटरी उचलून चार्जिंगला नेणार कुठे? तेव्हापासून मनात होते, की अम्मींसाठी असा एखादा पंखा हवा ज्याची बॅटरी पिशवीत घालून तालुक्याला नेता येईल आणि भरून आणता येईल.

असा पंखा मिळतो. धाकटा भाऊ अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजांचे काम करतो. त्याच्या ड्रिल मशीनला १८ व्होल्टची बॅटरी आहे, ती काढता-घालता येते. त्याच बॅटरीवर चालणारा पंखाही अशा कंपन्या बनवतात. मकिता, डिवॉल्ट, मिलवॉकी अशा कंपन्यांचे हे पंखे मुळात बांधकामावरच्या कामगारांसाठी निघाले. आम्ही खूश झालो. भावाकडे दोन बॅटऱ्या आणि चार्जर होताच, म्हणून बॅटरीशिवायचा नुसता पंखा आणला. पैसे वाचले आणि अम्मींची सोय झाली, असे आम्हाला वाटले.

दहा दिवस सगळे ठीक चालले. मग एका रात्री लाईट गेली ती सकाळी नऊ वाजले तरी आली नाही. पहिली बॅटरी आम्ही रात्री दहाला लावली होती. पंखा सर्वात जोराच्या वेगावर होता, तो पावणेतीनला बंद पडला. दुसरी लावली, ती सकाळपर्यंत संपली. अम्मी शांत झोपल्या. आम्ही फजरला उठलो तेव्हा मनात समाधान होते.

धाकटा भाऊ मात्र सात वाजता पेटी उघडून उभा होता. शेजारच्या गावात एका घरी खिडक्या बसवायच्या होत्या. त्या घरी दुसऱ्या दिवशी निकाह होता आणि लाईट तिथेही नव्हती. तो दोन्ही बॅटऱ्या उचलून पाहत होता, बटण दाबत होता, एकही दिवा लागत नव्हता. आम्हाला पाहून त्याने पेटी बंद केली आणि "नंतर जातो, भाईजान" एवढेच म्हणाला. दुपारी भावजयीकडून कळले. त्या लोकांनी थांबायचे कसे? त्यांनी दुसऱ्या कारागिराला बोलावले. काम गेले, आणि दिलेला शब्दही गेला.

आम्ही वर्गात मुलांना उसनवारीचे हिशोब शिकवतो, आणि घरात भावाच्या रोजीची वस्तू न विचारता वापरून मोकळे झालो होतो. त्याने तोंडाने "न्या" म्हटले होते हे खरे, पण अम्मींसाठी मागितल्यावर तो नाही कसा म्हणेल? म्हणून आज लिहितो आहोत. असा पंखा निवडताना आधी बॅटरी निवडायची असते, आणि ती रात्री कोणाला व सकाळी कोणाला लागणार हे बोलून घ्यायचे असते.

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या पंख्याला बसत नाही. खाचा वेगळ्या असतात. घरात ज्या कंपनीची मशीन आहे त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा पंखा पाहावा, कारण एकाच कंपनीच्या १२ आणि १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही सहसा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दुकानात जाताना बॅटरी सोबत न्यावी आणि बसवून पाहावी. डब्यावर "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेले पाहून ती जास्त ताकदीची समजू नये. आत १८ वाल्यासारखेच पाच सेल ओळीने जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावरचा आकडा एकाने छापला, चालतानाचा सरासरी आकडा दुसऱ्याने छापला, एवढाच फरक.

बाजारात एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याच्या मशीनला जोडणारे प्लास्टिकचे तुकडे मिळतात. घरात झोपलेल्या माणसाच्या उशाशी ते वापरू नयेत. बॅटरी फार खाली उतरली की पुरवठा तोडणारी व्यवस्था काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, तर काही मशीनमध्ये. जोडणीत ती व्यवस्था निसटली तर बॅटरी मर्यादेपलीकडे रिकामी होते आणि पुढे चार्ज करताना धोका होतो.

दुसरी गोष्ट, पंखा किती वेळ चालेल याचा हिशोब घरी करता येतो, सहावीतले मूलही करील. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच असे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार करा. १८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. १८ आणि ४ म्हणजे ७२. १८ आणि ५ म्हणजे ९०. आता पंखा किती वॉट घेतो त्याने भागा. आमच्या रात्रीचे उदाहरण घ्या. ७२ वॉट-अवरची बॅटरी पावणेपाच तास चालली, म्हणजे पंखा जोरावर साधारण १५ वॉट घेत होता. तोच पंखा कमी वेगावर ८ वॉट घेत असेल तर तीच बॅटरी नऊ तास जाईल. प्रत्यक्षात हिशोबापेक्षा थोडे कमीच धरावे, बॅटरी जुनी असेल तर आणखी कमी. डब्यावर "२० तास चालतो" असे मोठ्या अक्षरांत असेल, तर कोणत्या वेगावर आणि किती एएचच्या बॅटरीवर, हे दुकानदाराला विचारावे.

तिसरी गोष्ट चार्जरची. गावात लाईट दोन तास येऊन पुन्हा जाते, तेवढ्या वेळात बॅटरी किती भरेल? चार्जरच्या मागे तो किती अँपिअर देतो ते लिहिलेले असते. २ अँपिअरचा चार्जर ५ एएचची बॅटरी भरायला अडीच तासांहून थोडा जास्त वेळ घेईल. ६ अँपिअरचा तासाभरात काम करील. पंख्यावर खर्च करताना चार्जरकडे दुर्लक्ष केले तर रिकामी बॅटरी आणि थांबलेला पंखा घेऊन बसावे लागते. काही पंख्यांना भिंतीतल्या लाईटवर चालवण्याचीही सोय असते. ती असेल तर उत्तम, कारण लाईट असताना बॅटरी राखून ठेवता येते.

चौथी गोष्ट, पंखा कोणासाठी आहे? कामगाराला जोराचा झोत हवा असतो, आवाजाचे त्याला काही वाटत नाही. झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मंद वारा हवा असतो आणि आवाज नको असतो. मोठे पाते सावकाश फिरून जेवढा वारा देते, तेवढाच वारा द्यायला लहान पात्याला भरभर फिरावे लागते आणि आवाज वाढतो. म्हणून जागा असेल तर पाते मोठे घ्यावे. दुकानात सर्वात कमी वेगावर लावून कान देऊन ऐकावे. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असेल तर पहाटे वारा बोचत नाही. घरात लहान मुले असतील तर जाळीतून बोट आत जाते का ते पाहावे.

लातूर, नांदेड, नागपूरकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, त्याने आपल्याला गार वाटते. हवाच ४० अंशांच्या वर तापली असेल तर पंखा गरम हवा अंगावर फेकतो आणि शरीर उलट तापते. जागतिक आरोग्य संघटनाही अशा वेळी पंख्यावर विसंबू नका असे सांगते. तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसणे, पाणी पाजणे आणि घरातल्या सर्वात थंड खोलीत हलवणे हेच खरे उपाय आहेत.

आखाती देशांत असलेल्या भावांना, मुलांना पंखा-बॅटरी आणायला सांगणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी विमानाचा नियम ध्यानात ठेवावा. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात आणि त्यांची टोके झाकलेली हवीत. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीची परवानगी घेऊन. १६० च्या वर मनाई आहे. म्हणजे १८ व्होल्टची ५ एएच ९० वॉट-अवर झाली, ती सहज येते. ६ एएच १०८ झाली, तिला आधी विचारावे लागेल. ९ एएच १६२ होते, ती विमानतळावरच राहील. दुबईचा चार्जर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त पिन वेगळी असते.

आणि सर्वांनीच असा पंखा घ्यावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. घरात अशी मशीन नसेल तर पंखा, बॅटरी, चार्जर असे तिन्ही विकत घेऊन महाग पडेल. त्यापेक्षा आतच बॅटरी असलेला साधा चार्जिंगचा टेबल फॅन बरा. ती आतली बॅटरी बदलून मिळते का एवढे मात्र विचारून घ्यावे. रोज चार-चार तास लाईट जात असेल आणि घरात सहा माणसे असतील, तर इन्व्हर्टर आणि ३० वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी छताचा पंखा हाच खरा इलाज. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, तेवढ्यात असे दोन चालतात. बॅटरीचा छोटा पंखा एका माणसाच्या उशाशी ठेवायचा असतो. त्याच्याकडून सगळ्या घराची अपेक्षा धरू नये.

बॅटरी सांभाळणेही सोपे आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत ठेवू नये. तापलेली असेल तर निवल्यावर चार्जिंगला लावावी. पावसाळ्याचे चार महिने भरलेली ठेवावी. हिवाळ्यात लागत नसेल तर अर्धी भरून ठेवावी, म्हणजे जास्त वर्षे टिकते. फुगलेली किंवा पुराच्या पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. स्वस्तात "६ एएच" म्हणून विकली जाणारी बॅटरी हातात तोलून पाहावी. १८ व्होल्टची खरी ५ एएचची बॅटरी सहाशे ग्रॅमच्या आसपास तरी भरते.

आम्ही त्या सुट्टीतच ५ एएचची तिसरी बॅटरी विकत घेतली. पंख्यावर वाचवलेले पैसे तिथे गेले, आणि ते जायलाच हवे होते. भावाच्या बॅटऱ्यांशी ती मिसळू नये म्हणून अम्मींनी जुन्या ओढणीची हिरवी पट्टी फाडून तिच्याभोवती बांधली. आता घरात नियम आहे. पट्टीवाली बॅटरी उशाची, बाकीच्या दोन पेटीतल्या, आणि पेटी रात्री कोणी उघडायची नाही.

भावाची आम्ही माफी मागितली. तो हसून म्हणाला, "भाईजान, अम्मी झोपल्या ना, बस." पण ज्या घरचे काम गेले त्या घरी आम्ही स्वतः जाऊन चूक कोणाची होती ते सांगून आलो. पावसाळा संपल्यावर त्यांनी पडवीच्या खिडक्यांसाठी त्याला पुन्हा बोलावले.

तुमच्या घरातही कोणी सुतार, वायरमन, फॅब्रिकेशनवाला असेल. पंखा आणण्याच्या आधी एक दिवस त्याच्याजवळ बसा आणि विचारा, की सकाळी कामावर निघताना तुला किती बॅटऱ्या भरलेल्या लागतात? तो संकोचाने एक कमीच सांगेल. तुम्ही एक जास्त धरा.